अक्कांच्या वांग्यांची साफसफाई

कुठल्या तोंडानं सांगू, तेच कळंना झालंय! पण चहा येतोय तोवर ऐका. आणि मधी हसायचं न्हाई, आधीच सांगतो. घरात आठ दिवस नुसतं हसणंच चाललंय.

आमच्या शेजारी अक्का राहतात. माहेर निपाणीकडचं. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झाल्या. पण ना त्यांनी शाळा सोडली, ना शाळेनं त्यांना. मला 'तम्मा' म्हणतात. म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, म्हणून अक्का आठवड्यासाठी निपाणीला निघाल्या आणि गच्चीची किल्ली माझ्या हातात दिली.

"तम्मा, वांग्यांना पाणी तेवढं घाल. बाकी कशाला हात लावू नको. शनिवारी शाळेच्या मुली येणार आहेत झाडं बघायला."

एवढंच! अहो, काय बघणार, कशासाठी बघणार, काही सांगाल का न्हाई? जन्म शिकवण्यात गेला, पण माझ्याशी बोलणं तार केल्यासारखं!

त्यात मी शिरोलीला फाउंड्रीत, क्वालिटीला. दिवसभर एकच काम: कास्टिंगमधली खोट शोधायची आणि रिजेक्ट करायचं. असल्या माणसाच्या हातात किल्ली द्यावी का? तुम्हीच सांगा!

दुसऱ्या दिवशी गच्चीत गेलो. बारा ड्रम, बारा झाडं. पानांची पार चाळण! आणि एका फांदीवर माझ्या बोटाएवढी हिरवीगार अळी, पंगतीत बसल्यासारखी जेवतीय. कोण आलंय, मान वर करून बघायलाही तयार न्हाई!

सोडून दिली. हात लावायचा न्हाई म्हणजे न्हाई.

तिसऱ्या दिवशी बघतो, तर तिच्या पाठीवर पांढरे दाणे. तांदळाच्या कणीसारखे, पंचवीस-तीस. पलीकडच्या दोन अळ्यांवर पण तेच. म्हटलं, झालं! अंडी घातली हिनं, ती पण स्वतःच्याच पाठीवर! आता ही सगळी पिलावळ बाहेर पडणार आणि मुली येईपर्यंत नुसते देठ उरणार. वर झाडांभोवती चिलटासारख्या बारक्या माश्या फिरतायत, त्या वेगळ्याच.

लावला फोन.

"अक्का, अळ्या पडल्यात!"

"असू दे."

"असू दे काय? पाठीवर पांढरे दाणे आलेत!"

"आले?" अक्का ओरडल्याच. "तम्मा, जप हं! शनिवारपर्यंत लई जप!"

"आणि बारक्या माश्या पण हायत."

"त्या पण? मग तर जास्तच जप! ठेवते, डॉक्टर आले."

आता मला सांगा, मराठीत 'जप' म्हणजे काय? आई म्हणायची, 'कोपऱ्यावर पिसाळलेलं कुत्रं हाय, जप.' मग काय कुत्र्याला मांडीवर घ्यायचं? कुत्र्यापासून जपायचं! बरोबर का न्हाई?

बायको म्हणाली, "अवो, हात लावू नको म्हटलंय न्हवं अक्कांनी?"

"ते आधी. आता जप म्हणाल्या. ऑर्डर बदलली."

"मग परत एकदा इचारा की."

"मला क्वालिटी शिकवतीस?"

इचारलं असतं तर? पण न्हाई! चक्क रजा टाकली. हातमोजे घातले, बादलीत साबणाचं पाणी केलं आणि एकेक अळी वेचून बादलीत. पांढऱ्या दाण्यांवाल्या सगळ्यात आधी! कृषी दुकानातनं पिवळे चिकट कागद आणले आणि दर दोन झाडांमधी एक टांगला. संध्याकाळपर्यंत बारक्या माश्यांनी कागद काळे झाले. पानांना कसला तर कच्चा, गवत कापल्यासारखा वास येत होता. म्हटलं, हा रोगाचाच वास. मग फडकं घेतलं आणि प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी पुसून काढलं. कुरतडलेली पानं कात्रीनं उडवली.

बायको वर आली. "ही झाडं हायत का सांगाडे?"

"स्वच्छ हायत," मी म्हटलं.

शनिवारी सकाळी अक्का बसमधनं उतरून थेट गच्चीत. मागं सातवीच्या बावीस मुली, प्रत्येकीच्या हातात भिंग आणि वही. मी इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा. "या, या! एक किडा शोधून दाखवा!"

मुलींनी शोध शोध शोधलं. शेवटी दोन वेण्यांची एक पोरगी म्हणाली, "बाई, हितं तर कायच न्हाई की!"

अक्कांनी माझ्याकडं बघितलं. "तम्मा, अळ्या?"

"काढल्या."

"पांढऱ्या दाण्यांच्या?"

"त्या तर पहिल्यांदा!"

"आणि माश्या?"

मी अभिमानानं चिकट कागदांकडं बोट केलं.

अक्का ड्रमच्या कडेला टेकल्या. मग मुलींकडं वळल्या. "मुलींनो, अळीनं पान खाल्लं की झाडाला कळतं. तिची लाळसुद्धा ते ओळखतं. मग पान बेचव करतं आणि हवेत एक वास सोडतं. त्या वासावर बारक्या माश्या येतात आणि अळीच्या अंगात अंडी घालतात. माश्यांची पिल्लं अळीला आतून पोखरतात, बाहेर पडतात आणि तिच्या पाठीवर पांढरे कोष विणतात. ती अळीची अंडी नव्हेत. झाडानं हाक मारून बोलावलेली मदत आहे ती!"

"मग ती मदत कुठं हाय, बाई?"

मीच म्हटलं, "बादलीत."

मग अक्कांकडं वळलो. "अक्का, जप म्हणाला होता की तुम्ही!"

"अरे, त्यांना जप म्हणाले, तम्मा! त्यांना!"

झाड बिचारं आपल्या परीनं बोंबलत होतं. चिलटाएवढ्या माशीला ते ऐकू गेलं. आणि हा पाच फूट आठ इंचाचा क्वालिटी इन्स्पेक्टर, झाडाची हाक साबणानं धूत बसला! कपाळ बडवून घ्यावं असं वाटलं, पण बावीस मुली भिंगं घेऊन बघत होत्या.

तेवढ्यात त्या दोन वेण्यांच्या पोरीनं वही उघडली. "बाई, तुम्ही प्रश्न दिलाय, 'झाडाच्या शत्रूचे निरीक्षण करा, आकृती काढा व भागांना नावे द्या.' आता अळी तर न्हाई. मग शत्रू म्हणून कुणाची आकृती काढायची?"

अक्कांनी कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची ओढली, झाडांच्या शेजारी ठेवली आणि मला म्हणाल्या, "बस."

बसलो! दुसरं काय करणार? बावीस वह्या, बावीस पेन्सिली. शरमेनं मान जरा खाली गेली, तर समोरनं आवाज आला, "काका, हलू नका की! मिशी चुकाय लागलीया!"