टोपल्याखालचा माग

ती घटना विसरता आली असती, तर मी सुखाने म्हातारा झालो असतो. पण ती आठवते, आणि आठवली की मला माझाच राग येतो. इंग्रजी अमलाची ती शेवटची दहा-बारा वर्षे. मी पश्चिम खानदेशात, शहाद्याच्या बाजूला फौजदार होतो. नावे कोणाचीच सांगणार नाही. त्यांतले काही गेले, आणि जे उरले त्यांना गावात अजून मान आहे.

कापूस वेचणीचे दिवस होते. न्याहारी झाली की सारे गाव शेतात जाई. जाताना दाराला कुलूप लावायचे आणि किल्ली दाराशेजारच्या कोनाड्यात ठेवायची, ही तिथली रीत. कोनाडा चोरालाही दिसतो, हे कोणाच्या डोक्यात येत नसे. एका घरातून भरदिवसा चांदीचे गोठ गेले, तेव्हा मी गाव चावडीवर जमवले, सगळ्यांना फैलावर घेतले आणि हुकूम सोडला, की शेतात जाताना किल्ल्या एकाच भरवशाच्या माणसाकडे द्यायच्या. गावाने एकमुखाने आबांचे नाव घेतले. आबा म्हणजे गावातले बडे जमीनदार. डावा गुडघा अधू, पाय ओढत चालत, म्हणून वेचणीला न जाता ओट्यावर बसून असत. त्यांच्या ओसरीत खुंट्या ठोकल्या आणि किल्ल्या टांगल्या. मी स्वतःवर भारी खूश होतो.

त्या बैठकीत गावचा जागल्या मागे बसला होता. भिल्ल माणूस, पिढीजात राखणदार. त्या कामाबद्दल आबांच्या विहिरीला लागून जमिनीची एक पट्टी त्याला होती. तो उठून म्हणाला, "साहेब, सगळ्या चाव्या एक जागे नका ठेवा."

"तुला कोणी विचारलं?" मी म्हणालो. गाव हसले. तो खाली बसला.

त्यानंतर महिनाभरात आणखी दोन घरे साफ झाली. कुलपे जागच्या जागी, दागिने गायब. त्यांतल्या दुसऱ्या चोरीच्या दिवशी आबा स्वतः बैलगाडीने ठाण्यावर आले. "फौजदार साहेब, बोलाले जीवावर ई ऱ्हायनं," ते म्हणाले, "पण जागल्याले मी भरदुपारी त्या घरना मांगे देखं." खबर देणारा प्रतिष्ठित, संशयित भिल्ल. मला पुढे विचार करावासाच वाटला नाही.

आम्ही गावात पोचलो तेव्हा त्या घराच्या दारासमोर एक टोपले पालथे घातलेले होते आणि जागल्या त्याच्याजवळ उभा होता. गल्ली रिकामी झाली की तो बंद घरांपुढची धूळ लिंबाच्या फांदीने सारखी करून ठेवी, म्हणजे कोणाचेही पाऊल उमटावे. हे त्याला त्याच्या बापाने शिकवले होते. मला मात्र हे फार उशिरा कळले.

"साहेब, टोपलाखाले माग शे. पहिले तो देखा."

मला वाटले, हा वेळ काढतो आहे. हवालदाराने टोपले लाथेने उडवले, आणि आम्ही सहा जण त्याच धुळीतून बूट वाजवत दारात शिरलो. मग पंचांसमक्ष पंचनामा केला, अगदी नियमाप्रमाणे.

ठाण्यात मी त्याला एकच गोष्ट विचारत राहिलो, कुलूप तारेने उघडलेस ना? तो नाही म्हणे. मग कोणी उघडले, म्हटले की गप्प. शेजारच्या खोलीत हवालदाराने त्याला मारले. मी भिंतीअलीकडे डायरी लिहीत बसलो होतो आणि मला सगळे ऐकू येत होते. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मी नाव लिधं तरी मन्हा शबद कोन मानी, साहेब? म्हनीसन टोपलं झाकं व्हतं." मला ती उडवाउडवी वाटली आणि मी कचेरीला अहवाल पाठवून दिला, की हा इसम जागल्या म्हणून ठेवण्यास लायक नाही.

तारेचा मुद्दा कोर्टात टिकावा म्हणून ते कुलूप घेऊन मी बाजारपेठेतल्या एका मुसलमान कारागिराकडे गेलो. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कुलपांचेच काम. त्याने कुलूप खोलले, उजेडात धरले, आतून बोट फिरवले. "साहब, अंदर एक खरोंच नहीं. तार जाती तो निशान रहता. ये ताला अपनी ही चाबी से खुला है."

किल्ली त्या दिवशी कोणाच्या खुंटीवर होती, ते मला कोणी सांगायला नको होते. मी तिथेच त्याच्या बाकावर बसलो. त्याने पाणी आणून दिले.

आबांच्या घराची झडती घेतली. कापसाच्या ढिगाखाली, फडक्यात बांधलेले, तिन्ही घरांचे दागिने निघाले. एकही मोडलेला नव्हता.

"तुम्हाला काय कमी होतं, आबा?"

"माले चांदीनं काय करनं व्हतं?" ते शांतपणे म्हणाले. "मन्ही विहीरजोडेनी त्यानी पट्टी पाहिजे व्हती." जागल्या बदनाम होऊन गेला, की त्यांच्या मर्जीतला नवा येणार आणि पट्टी त्यांच्या नांगराखाली जाणार. आणि ते काम त्यांनी माझ्याकडून करवून घेतले होते.

खटला उभा राहिला. तिन्ही घरचे लोक आबांच्याच गाडीतून कोर्टात आले आणि एकासारखे एक बोलले, "फौजदार साहेबनाच हुकूम व्हता. चाव्या दिन्यात, तसा दागिनाबी आम्हीच आबाजोडे सांभाळाले ठेवात." पहिली चोरी तर हुकुमाआधीची, पण त्या घरच्यांनी गोठ नंतर घरातच सापडल्याचे आणि मग आबांकडे ठेवल्याचे सांगितले. माझा हुकूम त्यांचा बचाव झाला. आबा सुटले.

जागल्या त्याआधीच सुटला होता, पण त्याची जागा गेली होती. मी दुसरा अहवाल पाठवला. 'जागा भरली आहे' असा शेरा मारून तो परत आला. सुटकेच्या दिवशी मी त्याला म्हणालो, "माझी चूक झाली." त्याने उलट विचारले, "मन्हं टोपलं कोठे शे?" ते हवालदाराच्या बुटाखाली केव्हाच मोडले होते. मी तसे सांगितले. तो बायकोमुलांसह वर धडगावकडे डोंगरात निघून गेला.

पुढे नोकरीभर मी गावोगाव चावड्यांवर उभा राहून, घर कसे राखावे यावर भाषणे दिली. लोक मान डोलावत. मला मात्र त्या धुळीत ओढलेल्या डाव्या पायाचा माग दिसायचा, जो मी कधी पाहिलाच नाही. घर राखणे ज्याला खरोखर येत होते, असा एकच माणूस मला भेटला, आणि त्याला मी गावाबाहेर काढले.