खालच्या चार ओळी

पुण्यातल्या एका दैनिकात मी नऊ वर्षं उपसंपादक होते. नवऱ्याला सिंगापूरला नोकरी लागली तेव्हा माझी सोडली आणि डिपेंडंट पासवर इथे आले. बुकित पंजांगला भाड्याचा फ्लॅट होता, समोर एलआरटीचा, म्हणजे छोट्या मेट्रोचा रूळ. पहिल्याच वर्षी मराठी मंडळाची मासिक पत्रिका माझ्याकडे आली. दुसऱ्या कोणाला ती नको होती.

पत्रिका म्हणजे बारा पानांची पीडीएफ. गणपतीच्या वर्गणीचं आवाहन, मुलांच्या रविवारच्या मराठी वर्गाचं वेळापत्रक, एखाद्या वाढदिवसाचा फोटो. शेवटच्या पानावर छोट्या सूचना असायच्या: खोली भाड्याने देणे आहे, डबा मिळेल, जुना पाळणा हवा. सूचना सभासदाकडूनच घ्यायची, हा मंडळाचा जुना नियम होता. ती आठ ओळींत बसली पाहिजे, हा नियम मी केला. आधीची पानं मी पाहिली होती. लोक डब्याच्या सूचनेत स्वतःचं आत्मचरित्र लिहीत.

या दोन नियमांचा एक परिणाम झाला होता, तो मला तेव्हा दिसला नाही. "पत्रिकेत आलंय" हे इथल्या लोकांना पुरायला लागलं. पुण्याहून येणारी माणसं पत्रिकेतली खोली न बघता ठरवून टाकत. एवढ्या शिकलेल्या माणसांनी, जी ऑफिसात प्रत्येक गोष्टीची दोनदा चाचणी घेतात, शेवटच्या पानावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता. मंडळाला त्याचा अभिमान होता. मलाही होता.

गेल्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट आहे. एका सभासदाने नोकरीची सूचना पाठवली. ते जुने सभासद, गणपतीच्या हॉलचा खर्च दर वर्षी त्यांच्याकडे. सोबत एवढंच लिहिलं होतं, की चांगली संधी आहे, कोणाला तरी उपयोग होईल. मजकूर बारा ओळींचा होता. शेजारच्या देशात, समुद्राकाठच्या नव्या शहरात एका ऑनलाइन ग्राहकसेवा कंपनीला आयटी सुपरवायझर हवे होते. पगार सिंगापूरच्या तोडीचा. राहणं-जेवण कंपनीकडे. इंग्रजी, हिंदी आणि मराठी येणाऱ्यांना प्राधान्य. मुलाखत व्हिडिओवर.

मी त्यातल्या चार ओळी कापल्या. वर्तमानपत्रात मजकूर खालून कापतात, कारण महत्त्वाचं ते वर असतं असं धरून चालतात. हाताला तीच सवय होती. त्या चार ओळी मी वाचल्या नव्हत्या असं मात्र नाही. वाचल्या, अटी-शर्ती आहेत असं मनात म्हटलं आणि काढल्या. मग दिलेल्या नंबरला फोन लावला. हिंदी बोलणारा एक अदबशीर माणूस होता. जागा खरोखर आहेत का, असं मी विचारलं. आहेत, असं त्याने सांगितलं. एवढ्यालाच मी चौकशी समजले. बातमीसाठी आम्ही दुसऱ्या बाजूने खातरजमा केल्याशिवाय ओळ सोडत नसू. छोट्या जाहिरातींना तो नियम पुण्यातही नव्हता.

त्याच महिन्यात चोआ चू कांगला राहणाऱ्या एका इंजिनिअरची नोकरी गेली. आमची ओळख रविवारच्या मराठी वर्गामुळे. त्याची आठ वर्षांची मुलगी तिथे यायची. तो बुओना व्हिस्टाच्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळायचा, पुण्यातली वर्षं धरून चौदा वर्षं तेच काम. कंपनीने त्याची सगळी टीमच बंद केली. एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथला नोकरीचा परवाना, रद्द झाला, की माणसाला तीस दिवस मिळतात. बायको-मुलीचे पास त्याच्याच पासवर असतात, त्यामुळे तिघांचेही तीस दिवस. तेवढ्यात दुसरी नोकरी नाही मिळाली तर मुलीची शाळा, घर, सगळं आवरून परत. पुण्यात त्याने कोणाला काही कळवलं नव्हतं. रोज सकाळी तो शर्ट इस्त्री करून बाहेर पडायचा आणि लायब्ररीत बसून अर्ज करायचा. बाविसाव्या दिवशी त्याला पत्रिकेतल्या कंपनीचं पत्र आलं. मंगळवारचं विमान ठरलं. आधी तो जाईल, महिन्याभरात बायको-मुलीला बोलावून घेईल, असा बेत होता.

शनिवारी सकाळी त्याची बायको एलआरटीने आमच्याकडे आली. माझा नवरा कामासाठी जकार्ताला गेला होता. ती बाल्कनीच्या दाराशी बसली. चहा नको म्हणाली.

"ताई, ती सूचना तुम्हीच घेतलीत ना? चौकशी केली होतीत?"

मी म्हटलं, फोन केला होता.

"कोणाला?"

"सूचनेतल्या नंबरला."

मग तिने मुलाखतीचं सांगितलं. व्हिडिओवर दहा मिनिटं चालली. ती ओट्याशी उभी होती आणि सगळं ऐकू येत होतं. "सर्व्हरबद्दल एक प्रश्न नाही, ताई. मराठी टाइप करता येतं का, किती वेगाने येतं, एवढंच. चौदा वर्षं काम केलेल्या माणसाला टायपिंग विचारतात? आणि तिकडे कोणाला मराठी लिहायचंय यांना?"

हा प्रश्न मला पडायला हवा होता. परदेशातली कंपनी, तिथे मराठी माणूस औषधाला नाही, आणि मराठी येणाऱ्यांना प्राधान्य. हे वरच्या आठ ओळींत होतं. ते मी कापलंही नव्हतं.

मूळ ईमेल काढून मी तिला खालच्या चार ओळी वाचून दाखवल्या. येताना पर्यटक व्हिसावर यावे, कामाचा परवाना नंतर काढला जाईल. विमानतळावर नोकरीचा उल्लेख करू नये. मुक्काम कंपनीच्या आवारातच राहील. परवान्याच्या कामासाठी पासपोर्ट कार्यालयात जमा करावा लागेल.

"हे तुमच्याकडे होतं?"

"होतं."

तिने पिशवीतून मुलीच्या शाळेची चेनवाली प्लास्टिकची फाइल काढली. आत त्याचा पासपोर्ट होता. ती म्हणाली, की घरात ठेवला तर तो शोधून काढेल, आणि तिचं काही ऐकून घेणार नाही, कारण तिला आयटीतलं काय कळतं. तुमच्याकडे मागायला त्याला जड जाईल. दुसऱ्याचा पासपोर्ट ठेवून घेणं हा गुन्हा आहे, हे मला ठाऊक होतं. मी तो घेतला आणि शब्दकोशांच्या मागे ठेवला.

त्याला जड वगैरे गेलं नाही. बायकोकडून कळताच, दुपारी दोनच्या सुमाराला तो दारात उभा होता, सोबत मुलगी, तिच्या पाठीला पोहण्याची पिशवी. सोफ्यावर बसतानाच ती इथल्या मुलांच्या भाषेत म्हणाली, "पप्पा, क्विक लाह, मला लेट होतं." तो घाईत नव्हता. त्याने बूट नीट जोडून ठेवले, पाणी मागितलं, प्यायला.

"वहिनी, पासपोर्ट द्या."

मी त्याच्यासमोर मूळ ईमेलचा छापलेला कागद ठेवला, खालच्या चार ओळींखाली रेघ मारून. त्याने तो उभ्यानेच वाचला. वाचताना चेहऱ्यावर काही आलं नाही.

"पासपोर्ट कार्यालयात जमा करावा लागेल," त्याने शेवटची ओळ मोठ्याने वाचली. "तुम्ही तर घरीच जमा करून घेतलात. तुम्ही बऱ्या, निदान तिकीट काढायला लावलं नाही."

फाइल आणून मी टेबलावर ठेवली आणि म्हटलं, की माझ्यासमोर कंपनीला एक फोन करा. आधी परवाना पाठवा, मग येतो, एवढंच म्हणा. त्यांनी पाठवला तर मंगळवारी विमानतळावर मी स्वतः सोडायला येईन.

तो हसला. सात दिवस उरलेल्या माणसाला अट घालायला सांगणं सोपं आहे, असं काहीतरी म्हणाला. पण फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. मला वाटतं, मला खोटं पाडायचं म्हणून लावला.

तोच अदबशीर आवाज. परवाना सगळ्यांचा इकडे आल्यावरच होतो, सर. पासपोर्ट सगळ्यांचेच आमच्याकडे असतात, आजवर कोणाची तक्रार नाही. इंजिनिअरने तेच पुन्हा विचारलं. आवाज किंचित दुखावला, आणि ते वाक्य आलं, ज्यासाठी मी तयार नव्हते.

"सर, आपके ही मंडल ने छापा है ना? पढ़े-लिखे लोग हैं, बिना देखे छापेंगे क्या?"

इंजिनिअरने माझ्याकडे पाहिलं. मी कागदाकडे पाहत होते. त्या माणसाने पत्रिकेचं शेवटचं पान जपून ठेवलं होतं. माझं काम त्याच्या कामी आलं होतं.

तेवढ्यावर फोन संपला असता आणि तो मंगळवारी गेला असता, असं मला आजही वाटतं. पण त्याच्यातला सर्व्हरवाला मध्ये आला. फोन ठेवता ठेवता त्याने सहज विचारलं, की तिकडे सर्व्हर कोणते आहेत, किती आहेत, म्हणजे विमानात वाचून ठेवता येईल. पलीकडून हसण्याचा आवाज आला.

"अरे सर, सर्वर-वर्वर छोड़िए. आपको चैट करनी है. लिखा हुआ मिलेगा, बस मराठी में डालना है. लोगों से दोस्ती करनी है, सर, भरोसा जीतना है. बाकी हमारी टीम देख लेगी."

इंजिनिअरने फोन बंद केला. मराठी कोणाला लिहायचं ते आता कळलं होतं: गोड बोलून ज्यांना लुबाडायचं, त्या मराठी माणसांना. मुलगी मान वर करून बघायला लागली. ज्या प्रश्नासाठी त्याने चौदा वर्षं घालवली, त्या प्रश्नाला कोणीतरी हसलं होतं. पर्यटक व्हिसा, आवार, पासपोर्ट, यातल्या कशानेही तो थांबला नव्हता.

फाइल उघडून त्याने पासपोर्ट खिशात टाकला आणि रिकामी फाइल मुलीच्या पिशवीत ठेवली. बूट घालताना पाठमोराच म्हणाला, "छापलंत कशाला मग?"

मंगळवारी तो गेला नाही. मधल्या दिवसांत दुसरीकडूनही काही आलं नाही. तिसाव्या दिवशी तिघं पुण्याला गेली. मी निरोप द्यायला गेले नव्हते. मला कोणी बोलावलं नव्हतं. वर्षभराने त्याच्या बायकोचा मेसेज आला. तिच्या सासरी अशी समजूत आहे, की परदेशात मोठ्या पगाराची नोकरी ठरली होती, पण मंडळातल्या एका बाईने मोडता घातला. तिने लिहिलं होतं, "मी काही बोलत नाही, ताई. बोलले तर पासपोर्ट मी नेला होता हे सांगावं लागेल."

तिच्या सासरच्यांना मी दोष देत नाही. तो गेला असता तर काय झालं असतं याचा माझ्याकडे पुरावा नाही.

ते विमान चुकलं त्याच आठवड्यात मी पुढच्या पत्रिकेसाठी दुरुस्ती लिहिली. चूक ज्या पानावर झाली त्याच पानावर, तेवढ्याच ठळकपणे दुरुस्ती यायला हवी, असं आम्हाला शिकवलं होतं. अमुक अंकातली सूचना फसवी वाटते. मूळ मजकुरातल्या या चार ओळी संपादकाने गाळल्या होत्या. कोणी अर्ज केला असल्यास जाऊ नये. मंडळाच्या अध्यक्षांनी मला कॉफीला बोलावलं. हॉकर सेंटरच्या, म्हणजे इथल्या खाऊगल्लीच्या, एका कोपऱ्यात आम्ही बसलो. ते चांगले गृहस्थ होते, आवाज कधी चढवत नसत. ज्यांनी सूचना पाठवली त्यांना तरी कुठे माहीत होतं, असं ते म्हणाले. त्यांना ती कॉलेजच्या जुन्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर मिळाली होती. कोणी गेलेलं नाही. मग गवगवा कशाला? गणपती दोन महिन्यांवर आले होते.

"लिहा ना," ते म्हणाले. "पण सर्वसाधारण लिहा. कोणाचं नाव नको, कुठला अंक तेही नको."

कोणी गेलेलं नाही, हे त्यांना कसं कळलं, असं मी विचारलं. सभासदांपैकी कोणी गेलं असतं तर कळलं असतं, असं त्यांचं उत्तर होतं. पत्रिका सभासदांच्या बाहेर जाते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. माझ्या दुरुस्तीऐवजी सर्वसाधारण मजकूर आला: परदेशातल्या नोकऱ्यांबाबत सभासदांनी सावध राहावे. आठ ओळींत बसला. त्या अंकानंतर मी काम सोडलं. कारण विचारलं तेव्हा वेळ होत नाही असं सांगितलं.

त्याच वर्षी दिवाळीच्या आसपास साताऱ्याच्या आतेबहिणीने मला एक मेसेज पुढे पाठवला. तिच्या दिराला तो दुसऱ्या कुठल्याशा ग्रुपवर मिळाला होता. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की सिंगापूरच्या मराठी मंडळाने प्रसिद्ध केलेली सूचना. खाली आठ ओळी. फोन नंबर बदलला होता. बाकी शब्दन् शब्द माझा: जिथे मी दोन वाक्यांचं एक केलं होतं, तिथे एकच होतं. बारा ओळींचा मूळ मजकूर त्यांनी टाकून दिला होता. हा जास्त चांगला होता.

"तुमच्या तिकडचंच आहे ना?" बहिणीने विचारलं होतं. "दीर अर्ज करतोय. खरं असेल ना?"

मी तिला फोन केला. दिराला आज, आत्ता थांबव, असं सांगितलं. तिने थांबवलं. फोन ठेवल्यावर पुरावा असावा म्हणून तिला खालच्या चार ओळीही टाइप करून पाठवल्या. तिने त्या वाचल्या, आणि थोड्या वेळाने तिचं उत्तर आलं.

"बाप रे. मग या चार ओळी छापल्या का नाहीत मंडळाने?"

तिला खरं कारण सांगणं भाग होतं. मी लिहिलं, "जागा नव्हती."