डावीकडं ओढणारी गाडी

चाळिशी उलटल्यावर मी गाडी शिकले. शाळेत गणित शिकवते, त्यामुळं सरळ रेषा म्हणजे काय हे मला कळतं, असा माझा समज होता. नवऱ्याच्या मते मात्र मला रस्ताच कळत नव्हता.

गाडी जुनी, जिंतूरच्या एका ओळखीच्या माणसाकडून घेतलेली. मी चालवायला बसले की ती हळूहळू डावीकडं सरकायची, उन्हातली म्हैस सावलीकडं सरकते तशी. स्टेअरिंग जरा सैल सोडलं की चाक मुरमात आणि आरसा बाभळीत.

शेजारी बसलेला नवरा म्हणायचा, "अगं, रस्ता इकडं हाय. तू कुठं जायलीस?"

"मी न्हाई जायले. गाडी जायलीय."

"गाडीला काय डोकं हाय का? चालवणारा जिकडं नेतो तिकडं जाती ती."

हे वाक्य त्यानं भावकीत सांगितलं, किराणा दुकानात सांगितलं, पारावर तर दोनदा. मग काय, मी फळ्यावर रेघ मारली की मागच्या बाकावरून आवाज यायचा, "बाई, डावीकडं चालली!"

गंमत म्हणजे तो स्वतः चालवताना उजवा खांदा पार खिडकीला टेकवून, स्टेअरिंग एका हातानं खाली दाबून बसायचा. विचारलं तर म्हणायचा, ही आपली स्टाईल हाय.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर परत येताना स्टेअरिंग इतकं जड झालं, की फाट्यावरच्या पंक्चरच्या दुकानाशी मी गाडी थांबवली. दुकानदार पिकल्या दाढीचे चाचा. त्यांनी चारी चाकांना हवेचा काटा लावला आणि पुढच्या डाव्या चाकापाशी थबकले.

"बाई, बाकी तिघांत तीसच्या वर हवा हाय, ह्याच्यात अठरा. तिघं पळायलेत अन् हा पाय ओढायलाय. मंग गाडी ह्याच्याकडंच वळणार की."

त्यांनी हवा भरली. मी एक चक्कर मारली. स्टेअरिंग हलकं झालं होतं, पण गाडी अजूनही जराशी डावीकडं जातच होती. परत आले. चाचांनी पुढच्या दोन्ही टायरांवरून हात फिरवला. डावा कुठल्या तरी भलत्याच कंपनीचा, कमी हवेवर पळून पळून दोन्ही कडा गुळगुळीत झालेला. उजवा दुसऱ्याच कंपनीचा, जवळजवळ नवा.

"एका बाजूला म्हातारा बैल अन् दुसऱ्या बाजूला गोऱ्हा जुंपल्यावर नांगराचं तास सरळ कसं येईल? जोरात ब्रेक मारला तर आणखी ओढंल. पावसात तर लय धोका. पुढं दोन्ही टायर एका जोडीचे पाहिजेत."

"पण हे टायरमुळंच होतंय, माझ्या हातामुळं न्हाई, हे सिद्ध कसं करायचं?"

चाचा हसले. "दोन्ही चाकं इकडची तिकडं करू. चूक टायरची असंल तर गाडी उजवीकडं जाईल. तुमची असंल तर डावीकडंच जाईल."

इतकी वर्षं मी पोरांना सिद्धता शिकवतेय, पण इतकी स्वच्छ सिद्धता पुस्तकात कधी सापडली नव्हती. चाकं बदलली. मी निघाले आणि गाडी अगदी आज्ञाधारकपणे उजवीकडं झुकू लागली. मी एकटीच इतकी मोठ्यानं हसले, की कडेला मेंढरं चारणारी बाई काठी टेकून बघतच राहिली.

"हे नुसतं बगायसाठी हाय, टायर लवकर बदला," असं चाचांनी बजावलं होतं. मी हो म्हटलं होतं आणि घरी येऊन तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी चुडाव्याला नात्यातला साखरपुडा होता. नवऱ्यानं कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घातले. "आज पाव्हण्यांत जायचंय, सरळ जावं लागंल," म्हणत तो स्टेअरिंगवर बसला. मागं सासूबाई. मी शेजारी, चेहरा देवघरात बसल्यासारखा.

गाव सुटलं आणि गाडी मधल्या पांढऱ्या पट्ट्याकडं सरकली. त्यानं मागं घेतली. ती पुन्हा सरकली. त्यानं तिरप्या नजरेनं माझ्याकडं पाहिलं. मी कपाशी बघत होते.

"आरं, मधून का चालवायलास?" सासूबाईंनी विचारलं.

"रस्ता खराब हाय."

रस्ता नवा कोरा होता. मी हळूच म्हटलं, "चालवणारा जिकडं नेतो तिकडं जाती ती."

तेवढ्यात समोरून कापसानं भरलेली ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर आला. नवरा सवयीनं उजव्या खांद्यावर रेललेला, हात उजवीकडं दाबलेला, आणि आता गाडीही त्याच बाजूची. माझ्या हुशारीत एक गोष्ट राहूनच गेली होती: डावीकडं फक्त बाभळी असतात, उजवीकडून माणसं येतात.

"डावीकडं घ्या! चाकं बदललीत मी!"

त्यानं स्टेअरिंग फिरवलं. ट्रॅक्टर इतक्या जवळून गेला, की कापसाचे दोन पुंजके त्याच्या मांडीवर येऊन पडले. थोडं पुढं लिंबाखाली त्यानं गाडी उभी केली. मी सगळं सांगितलं, न थांबता.

"म्हंजी इतके दिस सूनबाईचंच खरं होतं?" सासूबाई म्हणाल्या.

तो खाली उतरला, पांढऱ्या कपड्यांनिशी चाकापाशी उकिडवा बसला. एक टायर चाचपला, दुसरा चाचपला. मग म्हणाला, "मी बी रोज उजवीकडं दाबूनच धरायचो. म्हटलं जुनी गाडी, चालायचंच."

"मंग मला कशाला नावं ठेवली?"

"घरात एकच तर काम होतं, जे फक्त मला यायचं."

त्याला हरलेलं बघायला मी रात्रभर आसुसले होते. आता त्यात काही गोडी उरली नाही. चाकं बदलून ठेवून मी गप्प बसायला नको होतं, असं मी म्हटलं. त्यानं कपडे झटकले आणि गाडीत बसला.

परभणीपर्यंत अगदी हळू गेलो. तिथं पुढं दोन्ही टायर एकसारखे टाकले, चारीत नीट हवा भरली. गाडी पट्ट्यासारखी सरळ निघाली. चुडाव्याला पोचेतो शेवटची पंगत बसत होती.

जेवताना माझ्या कानावर नवऱ्याचा आवाज आला. पाव्हण्यांना रंगवून सांगत होता, "मला शंका होतीच. मंग मीच चाकं इकडची तिकडं करून बगितली."

सासूबाईंचा घास हातातच राहिला. त्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी बोटानंच गप्प राहायची खूण केली.

"वा! आमची जीप बी एका अंगाला वढायलीय," एक पाव्हणे उठले. "जरा बगून सांगा की."

नवरा गेला. जीपच्या चाकापाशी बसला, टायर दाबला, मान डोलावली. मग पाठीमागं हात नेऊन बोटांनी मला बोलावू लागला, आधी हळू, मग घाईनं. मी वाटीभर मठ्ठा आणखी मागून घेतला आणि सावकाश प्यायला लागले.