एकदाच विचारणारं घर

मी भरभर चालते. शाळेत गणित शिकवायचे तेव्हा व्हरांड्यात माझ्या चपलांचा आवाज आला की वर्ग आपोआप गप्प व्हायचा. निवृत्त झाले, साठी उलटली, वेग काही गेला नाही. मल्हारगंजातल्या आमच्या गल्लीत दुचाक्या, हातगाड्या आणि रस्ता आपल्या मालकीचा असल्यासारखे गप्पा मारत उभे असलेले लोक, या सगळ्यांतून मी रोज सकाळी वाट काढते आणि कुणी आडवं आलं तर दोन शब्द सुनावते. आमचे हे माझ्याबरोबर फिरायला येत नाहीत. हिच्याबरोबर चालायचं तर मला रिक्षा करावी लागेल, असं ते पाहुण्यांना सांगतात.

अशा मला एका माणसाने एका संध्याकाळी हळू चालायला लावलं. आणि त्या संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर निघाले होते ते माझ्या लेकीची सोयरीक मोडून यायला.

लेक आमची एकुलती एक. इथल्याच एका कंपनीत कामाला. तिने पसंत केलेला मुलगा ख्रिस्ती, परदेशीपुऱ्यातला. त्याचे पणजोबा नगरकडून मिलमध्ये कामाला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, वडील चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, आई नर्स. धर्माचं मला काही वाटलं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. काही दिवस मी घरात भांडी आपटली. मग मुलगा एकदा भेटायला आला, घाबरून आमच्या ह्यांना काका म्हणायच्या ऐवजी इथली पोरं मित्राला म्हणतात तसं ‘भिया’, म्हणजे भाऊ, म्हणून गेला आणि कानापर्यंत लाल झाला. मला तो तिथेच आवडला.

मग आम्ही दोघं रीतीप्रमाणे त्यांच्याकडे गेलो. बैठकीच्या भिंतीवर ओळीने चौकटी टांगलेल्या, प्रत्येकीत पांढऱ्या कागदावर एकच वेडीवाकडी रेघ. मला वाटलं, घराच्या वायरिंगचे नकाशे लावलेत. बोलणं ठीक चाललं होतं. मुलाच्या आईने करंज्या, चिवडा आणि केक असं सगळं आणून समोर ठेवलं. मी म्हटलं, कशाला उगाच, आत्ताच खाऊन निघालोय. ह्यांनी चहालाही तेच सांगितलं. खरं तर दुपारपासून आमच्या पोटात काही नव्हतं. होणाऱ्या सोयऱ्यांकडे भरल्या पोटी कोण जातं? पण पहिल्याच शब्दाला बशीत हात घातला तर लोक काय म्हणतील? पाहुण्याने नको म्हणायचं, यजमानाने असं कसं म्हणायचं, पाहुण्याने बरं, अगदी थोडं म्हणायचं आणि मग बशी रिकामी करायची, हे आपल्याकडे लहान पोरांनाही ठाऊक असतं.

त्या बाईंनी ‘बरं’ म्हटलं आणि बशा उचलून आत नेल्या. चहा आलाच नाही.

रिक्षात बसल्या बसल्या मी फुटले. म्हटलं, यांना आपली मुलगी नको आहे, एवढाच याचा अर्थ. पाणीसुद्धा दुसऱ्यांदा विचारलं नाही. ह्यांनी कोपऱ्यावर रिक्षा थांबवून दोन कचोऱ्या खाल्ल्या आणि माझ्याशी पूर्ण सहमत झाले.

त्यानंतर आम्ही फोन केला नाही आणि त्यांच्याकडूनही आला नाही. मधल्या मधे लेकीचा जीव टांगणीला. तिने रडारड केली नाही. एकदा जेवताना सरळ सांगितलं की दोन्ही घरं हसत आली तर लग्न, नाहीतर नाही. ती पळून जाणार नाही, पण इथे राहून रोज आमची तोंडंही बघणार नाही. तिच्या कंपनीचं पुण्याला ऑफिस आहे, ती तिकडे बदली मागणार. ती हे अगदी शांतपणे बोलली. ती बोलते ते करते. तो गुण माझाच आहे.

ईस्टरच्या आधी मुलाच्या वडिलांचा फोन आला. त्यांच्या चर्चमध्ये ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लोक जोडीजोडीने चालतात. जोडीदार आपल्या घरातला नसावा, एवढीच अट. त्यांचे नेहमीचे सोबती आजारी होते. तुम्ही चालता असं मुलीने सांगितलं, याल का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मनात म्हटलं, बरं झालं, हे मोडतंय ते तोंडावर सांगून मोकळी होईन.

ऊन उतरल्यावर स्नेहलतागंजातल्या त्यांच्या चर्चच्या आवारात आम्ही भेटलो. तिथून त्यांच्या घरापर्यंत चालायचं होतं. निघण्यापूर्वी पाळकांनी शुभवर्तमानातली गोष्ट वाचली. येशूला क्रूसावर खिळल्यानंतर त्याचे दोन शिष्य यरुशलेमहून अम्माऊस नावाच्या गावी चाललेत, खचलेले, आपसात बोलत. वाटेत एक अनोळखी माणूस त्यांना गाठतो आणि चालता चालता सगळं शास्त्र उलगडून सांगतो. हा येशूच आहे हे त्यांना ओळखू येत नाही. गाव येतं तेव्हा तो आपल्याला अजून पुढे जायचंय असं दाखवतो. ते त्याला थांबवून घेतात. घरात बसून तो भाकर मोडतो आणि त्या क्षणी ते त्याला ओळखतात. मग तो दिसेनासा होतो. मी ऐकून घेतलं. मला माझं भाषण पाठ करायचं होतं.

अर्धी वाट न बोलता जायचं, असा नियम. मी सवयीने कोपरा गाठला आणि मागे वळून बघते तर सर, म्हणजे मुलाचे वडील, एका भिंतीसमोर उभे. सफाईच्या घोषणा रंगवलेल्या भिंतीवर कुणा नवख्या रंगाऱ्याने काढलेला हत्ती बघत होते. मी परत आले. पुढे ते एका बंद शटरपाशी थांबले, मग एका पिंपळापाशी. माझा नुसता जळफळाट. नियम मोडून मी विचारलंच की आपण पोचणार कधी? ते हसले. म्हणाले, ते वाट अशी चालतात की घरी जाऊन ती आठवणीने कागदावर काढता यावी, पेन्सिल न उचलता, एका रेघेत. वर्षानुवर्षं ते तसं करतात. बसून वाचताना शास्त्रातलं जे कळत नाही ते चालताना कधी कधी कळतं. म्हणजे त्या चौकटींमधल्या रेघा या माणसाच्या चालण्याच्या होत्या. वायरिंगचं मी अर्थातच बोलले नाही.

नाइलाजाने मी त्यांच्या पावलाने चालू लागले. भाषणाचं मात्र काही खरं राहिलं नाही. भरभर चालताना ‘आम्हीही काही कमी नाही’ हे वाक्य छान जमत होतं. हळू चालताना ते निम्म्यातच विरायचं आणि लेकीचा चेहरा समोर यायचा.

जुन्या मिलच्या भिंतीला वळसा घालून आम्ही नाल्यावरच्या पुलावर आलो. आता बोलायची मुभा होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तेच बोलले.

“बाई, एक विचारू? इतके साल झाले, ही गोष्ट मी वाचतो. सगळी समजते, एक जागा सोडून. गाव आल्यावर प्रभू पुढे जायचं नाटक का करतात? जो कधी खोटं बोलला नाही, त्याला याची काय जरूरत? दोन-तीन पाळकांना विचारलं. सगळे काही ना काही सांगतात, पण मला पटत नाही.”

मला हसूच आलं. एवढं शास्त्र वाचलेला माणूस आणि अडला कुठे तर इथे.

“सर, त्यात न समजण्यासारखं काय आहे? आग्रहाची वाट बघत होते ते. कुणी बोलावल्याशिवाय आत कसं जायचं? आणि बोलावलं तरी पहिल्या शब्दाला हो कसं म्हणायचं?”

हे बोलले आणि माझेच शब्द माझ्या कानांत परत आले. सर चालायचे थांबले होते. त्यांनी कठड्याला हात टेकला.

“मतलब त्या दिवशी तुम्ही…”

“उपाशी होते, सर,” मी म्हटलं. “ह्यांनी वाटेत कचोऱ्या खाल्ल्या.”

ते हसले नाहीत. मग त्यांनी जे सांगितलं ते हळूहळू, मधे थांबत सांगितलं. ते लहान असताना नाताळला त्यांच्या आईने शेजारणीला करंज्यांचं ताट नेलं. ती नको म्हणाली. आईने खूप आग्रह केला, तेव्हा तिने हसून घेतलं. थोड्या वेळाने पोराने खिडकीतून पाहिलं, ती बाई कोपऱ्यावरच्या गाईपुढे ते ताट रिकामं करत होती. पोराने जे पाहिलं ते आईला जाऊन सांगितलं. त्या दिवसापासून त्यांच्या घरात पाहुण्याला एकदाच विचारायचं. नको म्हणाला तर समजून घ्यायचं, बशी उचलायची, त्याची अडचण करायची नाही. आईने हे सुनेला शिकवलं. आम्ही गेलो त्या दिवशी त्यांची बायको आत जाऊन रडली होती. आमच्या घरचं यांना चालत नाही, मग मुलगा कसा चालेल, असं म्हणून.

त्या कधीच्या गेलेल्या शेजारणीचा राग येऊन उपयोग नव्हता आणि मला तो आला. त्याबरोबरच छातीवरचं एक ओझं इतकं सरकन उतरलं की मीही कठड्याला टेकले. त्यांना माझी लेक नको नव्हती. कुणालाच कुणी नको नव्हतं.

पुन्हा चालू लागल्यावर सर म्हणाले, म्हणजे त्या दोघांनी थांबवलं नसतं तर प्रभू खरंच पुढे निघून गेले असते. मी म्हटलं, गेले असते, आणि उपाशीच. यावर मात्र ते हसले, डोळे पुसत हसले.

दिवेलागणीला घर आलं. त्यांची बायको ड्यूटीवरून नुकतीच आली होती. पुलावरचं बोलणं तिला कुठून माहीत असणार? चालून आलेल्यांनी पाव हाताने मोडून वाटून खायचा, अशी त्या दिवसाची रीत. तिने घरी भाजलेला गोड पाव ताटात आणला, माझ्यापुढे धरला आणि खालच्या आवाजात म्हणाली, “घ्या.”

आणि माझी जीभ! “नको नको, निघते आता, उशीर झाला,” असं ती बोलूनसुद्धा गेली. साठ वर्षांचं वळण, ते मला विचारून थोडंच बाहेर पडतं. ती बाई मान हलवून वळली. ताट आत चाललं. मला हाक मारता येईना, कारण हाक मारून मागून घेतलेल्या घासाने काय होणार होतं? मी सरांकडे बघितलं. त्यांना बोलता आलं असतं. ते भिंतीवरच्या आपल्या रेघांकडे बघत उभे राहिले, ओठ घट्ट मिटून.

स्वयंपाकघराच्या दारात ती थांबली. पाठ माझ्याकडेच होती. ताटाची कड तिने दोन्ही हातांनी धरली होती. मग ती परत आली, सगळी खोली चालून माझ्यासमोर आली.

“दोन घास तरी घ्या,” ती म्हणाली. “माझ्यासाठी.”

मी पाव घेतला. मोडला, निम्मा तिच्या हातात दिला. नंतर त्या घरात मी काय काय खाल्लं ते विचारू नका. सरांनी तेवढ्यात कागदावर रेघ काढली. पुलाच्या जागी ती स्वतःभोवतीच गुंडाळली गेली होती.

घरी येईपर्यंत ताटं मांडून झाली होती. मी म्हटलं, माझं ताट उचला, मला भूक नाही. ह्यांनी चष्म्यावरून बघितलं. लेकीने हातातला चमचा खाली ठेवला.

“तू तिकडे जेवलीस?”

मी म्हटलं, “त्यांनी आग्रह केला.”

ती उठून आली आणि लहानपणी यायची तशी माझ्या कुशीत शिरली.