बुरख्याआडचा राक्षस

दशावतारात सुरुवातीलाच एक काळा राक्षस येतो. अंगभर काळे कपडे, तोंडावर काळा बुरखा आणि बाहेर लोंबणारी लाल जीभ. तो मालवणीत सगळ्यांची टर उडवतो. आमच्या गावात तो राक्षस म्हणजे मी.

जामसंड्याकडची कॉलेजची पोरं आमच्या कलेवर माहितीपट करायला आली. म्हणाली, "आजोबा, बुरखा काढून बोला ना, लोकांना तोंड दिसूदे."

मी म्हटलं, "राक्षसाक खंय तोंड असता? बुरख्यातसूनच बोलतलंय." शाळा चौथीत सुटली, पण हट्ट काही सुटला नाही.

बायको म्हणाली, "मगे तुमका वळाखतलो कोण?"

"आखो गाव," मी म्हटलं.

माहितीपट देवळासमोर पडदा लावून दाखवला. राक्षस झकास दिसत होता. पण पुढच्या रांगेत आमच्याच कंपनीत राजाचं काम करणारा बसला होता. मुंबईकर पाहुणे त्यालाच राक्षस समजून पाठ थोपटत होते, आणि तो मेला मान डोलावून सगळं घेत होता!

बायकोनं मला ढोसलं, "जावा, सांगा जावन."

मी स्वतः जाऊन सांगायचं? छे! मागे बसूनच राक्षसाच्या आवाजात ओरडलो, "रे राजा, राक्षस चोरलंस तो चोरलंस, आता माझ्यासारखो बोलान तरी दाखव मेल्या!"

सगळ्या माना मागे वळल्या. हशा थांबेना. राजाची मान तेवढी डोलायची थांबली.

पोरं धावत आली. "आजोबा, आता तरी बुरख्याशिवाय एक शॉट द्या!"

मी म्हटलं, "खुळे काय रे? आता गरज काय?"