मोजायची जीप

मी रोज एस्टीने ब्रह्मपुरीहून गडचिरोलीला जायचो. ऐंशीनंतरच्या एका निवडणुकीत माझ्या शेजारी एक साहेब बसू लागले. कोणत्या उमेदवारासाठी कोणाच्या किती जीपा फिरतात, हे तपासायला सरकारने त्यांना नेमलं होतं. नाव मी कधी विचारलं नाही. मांडीवर फिरकीचा तांब्या असायचा, वाटेत कोणाचा चहासुद्धा घेत नसत.

आमच्याकडे तेंदूपत्त्याच्या ठेकेदारांच्या जीपा प्रचाराला जुंपलेल्या असत. निवडून आलेला माणूस मग त्यांचंच ऐकायचा. याआधी तपासणीला आलेले साहेबही आत जंगलात त्यांच्याच जीपमधून जात. तशी रीतच पडली होती.

एकदा गडचिरोलीच्या अलीकडे बस बंद पडली. मागून आलेली ठेकेदाराची जीप थांबली. ड्रायव्हर म्हणाला, "बसा ना साहेब, उन्हात काऊन उभे?"

साहेब हसले, डोक्याला रुमाल बांधून चालू लागले. मीही निघालो. बरंच पुढे गेल्यावर ते म्हणाले, "ज्या जीपमधी बसलो, ते जीप मोजू कशी, भाऊ?"

मतदानाआधीच त्यांची बदली झाली. साहेब सहकार्य करत नाहीत, अशी वर तक्रार गेली होती म्हणे. सहकार्य म्हणजे काय, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात ठेकेदाराची जीप आमच्या बसला मागे टाकून गेली. पुढच्या सीटवर नवे साहेब होते. धुळीचा लोट आत शिरला, आणि आम्ही सगळ्यांनी सवयीने खिडक्यांच्या काचा ओढून घेतल्या.