क्लचताई आणि आम्ही चार उपद्रवी

गाडी शिकायला मी फार उशिरा गेलो. त्या वयात लोकांना डॉक्टर गाडी सोडून चालायला लावतात. मी विम्याच्या ऑफिसात अपघाताचे दावे तपासायचो. दिवसभर चेपलेल्या बॉनेटचे फोटो बघितल्यावर स्टिअरिंगला हात लावायची हिंमत कुणाला होणार? शेवटी बायको म्हणाली, "तुम्ही शिका, नाहीतर मी शिकते आणि रोज तुम्हाला शेजारी बसवते." दुसऱ्याच दिवशी मी नाव घातलं.

शिकवणाऱ्या बाई साठीच्या आसपासच्या होत्या. पांढरे केस मागे घट्ट बांधलेले, पायात कॅनव्हासचे बूट, सीटचा फाटका भाग झाकायला खाली अंथरलेला टॉवेल. शिकवण्याच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक आणि एक क्लच असे. तरीही त्यांचा भर तोंडावर. "क्लच. क्लच! अहो, क्लच दाबा, मला नका बघू!" सगळे शिकाऊ त्यांना पाठीमागे क्लचताई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यांची काही हरकत नव्हती. गाडी शिकवण्याचं हे दुकान त्यांच्या वडिलांचं. विशी ओलांडल्यापासून त्या त्याच डाव्या सीटवर बसत आल्या होत्या.

रस्ता मोकळा असला की त्या गुणगुणत. एकदा उजवीकडे वळताना त्यांनी एक ओळ जरा मोठ्याने म्हटली, "दार लावून घे...", आणि मग थांबल्या. मी गिअर टाकला. मग पुढचा अर्धा भाग आला, "मी आतच आहे."

मी भर चौकात गाडी बंद पाडली.

"काय झालं?"

"तुम्ही... त्या तुम्ही?"

"मी कोण ते नंतर बघू. मागे बस आहे. न्यूट्रल करा."

कॉलेजात असताना एका बंद पडत चाललेल्या दुकानात, पडेल मालाच्या खोक्यात मला एक कॅसेट मिळाली होती. वर एका रिकाम्या खुर्चीचं चित्र आणि आत आठ गाणी. शब्द, चाल, गिटार, आवाज, सगळं एकाच बाईचं. ती बाई ओळीच्या मधेच थांबायची. "दार लावून घे" म्हटलं की वाटायचं, गेली ही सोडून. तुमचा जीव टांगणीला लागायचा आणि मग कळायचं की ती आतच आहे. त्या आठ गाण्यांवर माझी निम्मी जवानी निघाली. उरलेली निम्मी चेपलेल्या बॉनेटवर. कंपनी बुडाली, कॅसेट कुणी घेतली नाही आणि त्या बाईचं पुढे काय झालं ते कुणालाच कळलं नाही. आणि आता तीच बाई माझ्या शेजारी बसून मला न्यूट्रल करायला सांगत होती.

परीक्षेत मी नापास झालो. मुद्दाम नव्हे, असं मी सगळ्यांना सांगतो. पण त्यामुळे ताईंच्या शेजारी बसायला आणखी एक महिना मिळाला हेही खरं.

त्या महिन्यात मला कळलं की या वेडात मी एकटा नाही. माझ्या दाढा काढणारा दंतवैद्य त्या कॅसेटचा भक्त निघाला. तो पंचवीसेक वर्षं दवाखान्यात तीच वाजवत होता, पण तोंडात नळी असताना मी कधी नीट ऐकलंच नव्हतं. तिसऱ्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी ताईंच्या थांबण्यावर 'मौनाचं व्याकरण' नावाचा निबंध लिहिला होता आणि तो ऐकायला माणसं शोधत होत्या. चौथा माझा मेव्हणा. त्याचं लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचं दुकान. गाण्यातलं त्याला काही कळत नाही, पण आवाज कुठून फाटतो ते कळतं, एवढ्या बळावर तो आमचा तांत्रिक सल्लागार झाला.

दर रविवारी सकाळी आम्ही दंतवैद्याच्या बाहेरच्या खोलीत भेटायचो, कारण तिथे खुर्च्या आयत्या होत्या. आम्ही मंडळ काढलं. मी चिटणीस झालो, कारण माझं अक्षर बरं होतं आणि दुसरं कुणी तयार नव्हतं. सर्वश्रेष्ठ गाणं तिसरं की सहावं यावरून मुख्याध्यापिका आणि दंतवैद्य एकदा महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते. चार माणसांच्या मंडळात दोन गट पडले की चिटणिसाला काय कष्ट पडतात हे ज्याचं त्यालाच माहीत.

ताईंना या मंडळाची कल्पना होती. एकदा मी भीत भीत सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं. आरसा बघा."

मग झुलपेवाला आला. कपाळावर केस ओढलेला, तिशीचा गायक. त्याचं एक गाणं असं चाललं की लिफ्टमध्ये तेच, बँकेला फोन लावला तर तेच, औषधाच्या दुकानात रांगेत उभं राहिलं तर तेच. तोही ओळीच्या मधे थांबायचा. अगदी तस्साच. मग त्याचं बघून सगळेच थांबायला लागले. त्या वर्षी कुठलंही नवीन गाणं लावलं की गायक मधेच गप्प व्हायचा आणि आपल्याला वाटायचं, वीज गेली की काय. टीव्हीवर त्याला कुणीतरी विचारलं, ही शैली कुठून आली? तो लाजून म्हणाला, "आतून आली."

"आतून!" मुख्याध्यापिका खुर्चीतून उठल्या. "कुणाच्या आतून ते विचारा म्हणावं!"

आम्ही पेटलो. खरं सांगायचं तर आम्हाला बरंही वाटलं. इतकी वर्षं आमच्या वेडाला काही कामच नव्हतं. आता अन्याय मिळाला होता.

सभा घ्यायची ठरली. वाचनालयाचा हॉल मिळाला, स्पीकर मेव्हण्याचे. झुलपेवाल्याचा आमच्या गावात कार्यक्रम होता आणि तिथेही स्पीकर मेव्हणाच पुरवणार होता, त्यामुळे त्याला बोलवायचं काम मेव्हण्याकडे आलं.

"भाऊजी, तो येतोय," मेव्हणा एक दिवस फुशारून म्हणाला.

"काय सांगितलंस त्याला?"

"सत्कार आहे म्हणून."

"अरे! आपण त्याला चोर म्हणणार आहोत!"

"मग तसं सांगितलं असतं तर आला असता का?"

ताईंना काय सांगायचं? आम्ही चौघांनी बराच खल केला आणि 'छोटंसं स्नेहसंमेलन' असं सांगितलं. त्यांच्यावरच्या अन्यायाची सभा, आणि त्यांना एका शब्दाने विचारलं नाही. ते कुणाच्याही ध्यानात आलं नाही, चिटणिसाच्या तर मुळीच नाही.

सभेला बरी गर्दी झाली, कारण झुलपेवाला येणार ही बातमी फुटली होती. तो आला, हार घालून घ्यायला मान किंचित पुढे करून उभा राहिला आणि हार कुठेच नाही असं बघून हळूच खाली बसला. मुख्याध्यापिकांनी 'मौनाचं व्याकरण' वाचायला घेतलं. त्यात ताईंच्या थांबण्याला त्यांनी 'नकाराच्या उंबरठ्यावर उभं राहिलेलं होकाराचं मौन' म्हटलं होतं. शेवटी त्यांनी झुलपेवाल्याकडे बोट दाखवलं आणि मेव्हण्याला खूण केली. मेव्हण्याने कॅसेट लावली.

"दार लावून घे..."

झुलपेवाल्याचा चेहरा उतरला. आम्हाला वाटलं, पकडला. तो उठला आणि स्पीकरच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला.

"हा आवाज," तो म्हणाला. "मला आत्ता लवंगेच्या तेलाचा वास येतोय."

कुणाला काही कळेना.

"लहानपणी माझ्या दातांना तार होती. इथे, याच गावात, मामाच्या घरी राहायचो तेव्हा. दर महिन्याला ती आवळायला जावं लागायचं. खुर्चीत झोपून छताकडे बघत हा आवाज ऐकायचो. तो थांबला की मी दुखणं विसरायचो. मला खरंच वाटत होतं की हे माझ्या डोक्यातूनच येतं." तो आम्हा सगळ्यांकडे बघत म्हणाला, "एकदा मी विचारलंही होतं, कोण गातंय म्हणून. तोंडात कापूस होता. डॉक्टर म्हणाले, जीभ हलवू नकोस."

सभागृहातल्या सगळ्या माना दंतवैद्याकडे वळल्या. तो पुढच्याच रांगेत बसला होता. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि मग पुन्हा काढला.

म्हणजे चोरीचा माल आमच्याच दुकानातून गेला होता. इतकी वर्षं गावाच्या तोंडात बोटं घालून दंतवैद्याने ताईंची गाणी ऐकवली, पण त्यांचं नाव एकालाही सांगितलं नाही.

तेवढ्यात मागच्या दारातून ताई पुढे आल्या; झुलपेवाल्याचं सगळं बोलणं त्यांनी तिथे उभ्याने ऐकलं होतं. त्यांचा एक शिकाऊ भिंतीला घासला होता म्हणून उशीर झाला. स्टेजमागचा फलक त्यांनी वाचला, 'श्रेय द्या!' आमच्याकडे बघितलं. मग मेव्हण्याच्या हातून माइक घेतला.

"हे थांबण्याचं काय चाललंय सगळं?"

मुख्याध्यापिकांनी दोन वाक्यांत मौनाचं व्याकरण समजावलं.

"अहो, ते गिअरचं आहे," ताई म्हणाल्या. "मला गाणी गाडीतच सुचायची. शेजारी नवशिका. गिअर बदलायची वेळ आली की माझा श्वास अडकायचा. आता हा कुठे घालतोय कोण जाणे. गिअर नीट पडला की मी पुढचे शब्द म्हणायचे. तशीच सवय लागली."

लोक हसले. मुख्याध्यापिकांनी निबंधाची पानं उलटी करून मांडीवर ठेवली. मला त्यांची दया आली, आणि माझी जास्त, कारण त्या निबंधाच्या पन्नास प्रती मी हाताने पिना मारून तयार केल्या होत्या.

पण ताई हसत नव्हत्या.

"याला माझं नाव माहीत नव्हतं," त्या झुलपेवाल्याकडे बघत म्हणाल्या. "तुम्हाला होतं. तुम्ही दर रविवारी जमता, माझ्यावरून भांडता, मला कळतं सगळं. हे चिटणीस तर माझ्या शेजारी बसून दोन महिने गाडी घासत होते. एकदा तरी कुणी विचारलंत, ताई, त्यानंतर काय लिहिलंत?"

माइक दुसऱ्या हातात घेऊन त्याच पुढे म्हणाल्या,

"मी थांबलेच नाही लिहायची. इतक्या वर्षांत एक आठवडा गेला नाही. तुम्हाला ती आठच हवीत. त्या वेळची मी तुम्हाला आवडते. ती मुलगी मलासुद्धा नीट आठवत नाही."

कुणीतरी झुलपेवाल्याची गिटार आणून दिली. ताईंनी ती दोन मिनिटं जुळवली आणि एक नवीन गाणं म्हटलं. मधे न थांबता, घाईघाईत, मोठ्या आवाजात. बिघडलेल्या लिफ्टशी भांडणाऱ्या म्हातारीचं गाणं होतं ते. शेवटी ती म्हातारी जिने चढून वर जाते आणि लिफ्टलाच विचारते, आलीस का गं?

आम्हा चौघांना ते आवडलं नाही. मी प्रामाणिकपणे सांगतो. मी मनात म्हणत होतो, थांबा ना कुठेतरी, एकदा तरी थांबा. झुलपेवाला मात्र जमिनीवर मांडी घालून बसला होता आणि गाणं संपल्यावर म्हणाला, "पुन्हा म्हणा."

सभेनंतर त्यांना घरी सोडायला मी गाडी घेतली. एव्हाना मला परवाना मिळाला होता. माझ्याने राहवलं नाही. "ताई, तुम्हाला राग नाही आला? पहिल्यांदा त्याचं गाणं ऐकलंत तेव्हा?"

"आला तर. औषधाच्या दुकानात ऐकलं. आपली चप्पल घालून कुणीतरी पुढे निघालंय आणि आपण अनवाणी बघतोय, असं वाटलं. मग वाटलं, त्याला बरी बसलीय. मग पुन्हा राग आला. आठवडाभर हेच." पुढच्या सिग्नलला म्हणाल्या, "नाव घेतलं असतं तर आवडलं असतं. नाही कशाला म्हणू?"

त्याने नाव घेतलं. पुढच्याच कार्यक्रमात, भरल्या मैदानात. नुसतं घेतलं नाही, त्यांना स्टेजवर बोलावलं आणि स्वतः मागे बसून गिटार वाजवली. ताईंनी सगळी नवीन गाणी म्हटली.

मग जे व्हायचं ते झालं. तरुण मुलंमुली गाडी शिकायच्या निमित्ताने ताईंकडे रांगा लावायला लागली. जुनी कॅसेट पुन्हा निघाली, रिकाम्या खुर्चीच्या चित्रासकट. जगाला ताईंची किंमत कळावी म्हणून आम्ही धडपडलो होतो. ती कळली, आणि आम्ही चौघं दंतवैद्याच्या खुर्च्यांत बसून कुरकुरायला लागलो. "यांना काय कळतंय?" "कालची पोरं!" "तिसरं गाणं माहीत तरी आहे का यांना?" एका मुलीने मला बसस्टॉपवर तिसऱ्या गाण्यातला एक बारकावा समजावून सांगितला. तो बरोबर होता. मी तिच्याशी तुसड्यासारखा वागलो. बस आली तेव्हा मला फार हायसं वाटलं. मंडळ पुढे आपोआपच बंद पडलं. बरखास्त करायलाही गणसंख्या भरली नाही.

ताई सकाळी अजून गाडी शिकवतात. शनिवारी संध्याकाळी वाचनालयाच्या त्याच हॉलमध्ये गातात. मी बरेच महिने गेलो नव्हतो, रुसल्यासारखा. कुणावर रुसलो होतो ते मलाही सांगता आलं नसतं. मागच्या शनिवारी गेलो. दारात एक चुणचुणीत मुलगी बसली होती. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "काका, पहिल्यांदाच येताय का?"

संस्थापक चिटणीस, कॉलेजपासूनचा चाहता, ताईंचा प्रत्यक्ष शिष्य, हे सगळं माझ्या जिभेच्या टोकावर आलं.

"हो," मी म्हणालो.

"मग पुढे बसा. नवीन लोकांना ताई पुढे बसवायला सांगतात."

मी पहिल्या रांगेत जाऊन बसलो. ताई आल्या, गिटारचा पट्टा खांद्यावर नीट केला आणि गायला लागल्या. गाण्यातला एकही शब्द मला आधीपासून माहीत नव्हता.